शेवटचा एस

सिकंदर पेंटर दारात उभा, काखेत सागवानी पाटी,
बोटांना सोनेरी रंग.
"बाई, एसच्या आदुगर वर टिपका द्यायचा का न्हाई?
त्रिशूरवरनं थोरल्यानं धाडलं तसं काढलं,
आता सेलमवरनं मधला म्हणतोय, चुकलंय."

पाटी मी टेबलावर ठेवायला लावली.
द सातपुते, मग हवेत लोंबणारा स्वल्पविराम, मग एस.
विट्यातल्या निम्म्या बंगल्यांवर तो लोंबतोय,
मायणी रोडनं गेलात तर मोजत जा.
एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी ह्या गावाला.

टिपका दिला तर मालकी, सिकंदर.
घर सातपुत्याचं, कुणा एकाचं.
नुसता एस दिला तर माणसं. सातपुते, सगळे.
आपल्याकडं ही भानगडच नाही,
'सातपुत्यांचं' म्हटलं की माणसंही आली, घरही आलं.

"मग माणसंच ठेवू," तो म्हणाला,
"टिपका काढायचं पैसं न्हाई घेत मी."

त्याच्यासाठी चहा टाकताना आठवलं,
एकोणऐंशी साली आठवी ब मध्ये दोन बेबी होत्या.
फळ्यावर लिहून दाखवलं होतं मी:
पाळण्यातल्या बेबी पुष्कळ झाल्या की वाय मोडतो,
आय-ई येतं.
पण ह्या दोघींचा वाय आहे तसा राहील.
माणसाचं नाव मोडायचं नसतं,
शेवटी फक्त एस जोडायचा.
वर्ग हसला. त्या दोघी हसल्या नाहीत,
मान खाली घालून लिहून घेतलं.
मधल्या सुट्टीत कुणी एस लावला नाही.
एक गोरी बेबी, एक स्टँडामागची बेबी,
हाक मारली की बरोबर एकच वळायची.

स्टँडामागची पुढं सातपुत्यांत दिली.
सोमवारच्या बाजारात भेटायची, कडेवर एक, हाताला दोन.
"बाई, आडनावात सात पुतं हायती,
माझी तीनच झाली. चार कमी पडत्यात."
आणि मेथीची जुडी उलटीपालटी करत हसायची.

तिघंही गलाईला गेले.
एक त्रिशूर, एक सेलम, धाकटा सिलिगुडी.
दुसऱ्यांचं सोनं वितळवून, गाळून, तोलून
त्यांनी हा बंगला बांधला,
खाली चार खोल्या, वर चार,
प्रत्येक खोलीला पंखा आणि कुलूप.
बेबी वास्तुशांतीपर्यंत होती.
पुढच्या यात्रेला नव्हती.

सिकंदर म्हणाला, तुम्हीच चला,
तात्यास्नी मला सांगता यायचं न्हाई.

गेटपाशी त्यानं चिंधीवर थिनर घेतलं
आणि टिपका पुसला.
रंग निघाला, त्याखालचं पॉलिशही थोडं निघालं.
नाव आणि एस यांच्या मधे, जरा वर,
फिकट डाग राहिला,
कपाळावरची टिकली काढल्यावर राहतो तसा.
मी काही बोलले नाही.
सिकंदरही चिंधी घडी करत बसला.

तात्या चष्मा लावून जवळ आले.
एकेका अक्षरावरनं बोट फिरवलं,
शेवटी थांबले. "ह्यो आकडा कसला?"

सिकंदरनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, बाकीचे.

"बाकीचं व्हय," तात्या म्हणाले.
पाटीकडं बघत राहिले.
"मग जरा सुटा काढायचा की.
एवढं चिकटून कुठं असत्यात?"

सिकंदर हसला, मग गप्प झाला.
स्क्रू पिळायचे होते, ते पिळले.
ऊन फार होतं.

"थांबा, पाणी आणतो," म्हणून तात्या आत गेले.
गेले, म्हणायचं आपण.
आत एकच माणूस गेला.